दूरस्थ यंत्राची ओळख आणि सुरक्षा-प्रमाणपत्र

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघून आंबेगाव तालुक्यातील मंचर मागे टाकले आणि जुन्नर तालुक्यातील नारायणगावास पोहोचले की, तेथून पूर्वेस थोड्या अंतरावर खोडद गावच्या शिवारात तारांच्या जाळीच्या विशाल तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या दिसतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने उभारलेली जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी, ती हीच. प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या कल्पकतेतून साकार झालेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात सुमारे एक चौरस किलोमीटर क्षेत्रात असून उरलेल्या १६ तीन भुजांवर दूरवर विखुरलेल्या आहेत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. प्रत्येक तबकडीपाशी माणूस बसवून ही दुर्बीण चालविणे अशक्य होय. आज्ञा मध्यवर्ती कक्षातून जातात, संकेत प्रकाशतंतूंवरून परत येतात आणि त्या दोहोंच्या मधे असलेली यंत्रे माणसाच्या नजरेआड आपले काम करीत राहतात.

खोडदच्या अंतर्गत व्यवस्थेचे वर्णन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश नाही. परंतु जेथे यंत्र एकीकडे आणि ते चालविणारा दुसरीकडे असतो, अशा प्रत्येक ठिकाणी एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो, व त्याचे इतके ठसठशीत उदाहरण आपल्या जिल्ह्यात दुसरे नाही. तो प्रश्न असा : मी ज्या यंत्राला आज्ञा देत आहे ते माझेच यंत्र आहे, हे मला कशावरून कळावे? या प्रश्नाला आजच्या संगणकशास्त्राने दिलेले उत्तर म्हणजे सुरक्षा-प्रमाणपत्र. ते उपकरणावर कसे बसवावे, बसविताना कोणती गोष्ट कोणत्या कारणासाठी करावयाची, आणि बसविल्यानंतरही कशाची खात्री मिळत नाही, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

प्रश्नाचे स्वरूप

दूरनियंत्रण उपकरण म्हणजे एक लहानशी पेटी असते. तिच्या एका बाजूस जाळ्याची तार आणि दुसऱ्या बाजूस नियंत्रित संगणकाचा पडदा, कळफलक, क्रमिक जोडणी व वीजपुरवठ्याचे बटण यांच्याशी संबंध असतो. संगणक बंद पडला असला, त्याची कार्यप्रणाली कोसळली असली, तरी या पेटीद्वारे तो दूरवरून पुन्हा सुरू करता येतो. सोय मोठी आहे यात शंका नाही. परंतु सोय जितकी मोठी, तितका धोकाही मोठा. कारण ज्याच्या हाती ही पेटी गेली त्याच्या हाती संगणकाचे सर्वस्व गेले. घराच्या कुलपांची चर्चा करताना किल्ल्यांच्या जुडग्याकडे दुर्लक्ष करावे, तसे या उपकरणांच्या बाबतीत पुष्कळदा घडते.

अशा उपकरणाचे पान ब्राउझरमध्ये प्रथम उघडले असता बहुधा एक इशारा दिसतो : जोडणी खात्रीशीर नाही. कामाच्या घाईत आपण 'तरीही पुढे जा' हे बटण दाबतो आणि पासवर्ड लिहून मोकळे होतो. येथे काय घडले याचा विचार करावा. संदेश कूटबद्ध होऊन जात आहे हे खरे. परंतु तो कोणाकडे जात आहे हे आपण तपासलेले नाही. आपण व उपकरण यांच्यामध्ये एखादा तिसरा संगणक शिरला असेल, तर तो आपल्याशी उपकरण म्हणून आणि उपकरणाशी आपण म्हणून बोलेल. दोन्ही बाजूंची कूटलिपी निर्दोष असेल आणि तरीही पासवर्ड त्याच्या हाती पडेल. गुप्तता आणि ओळख या दोन भिन्न गोष्टी आहेत. ओळखीवाचून गुप्तता म्हणजे अनोळखी माणसाच्या कानात सांगितलेले गुपित होय.

हा धोका केवळ काल्पनिक नाही. चिलीमधील आल्मा वेधशाळेवर २९ ऑक्टोबर २०२२ रोजी संगणकीय हल्ला झाला आणि तेथील वेध सुमारे ४८ दिवस बंद राहिले. १ ऑगस्ट २०२३ रोजी अमेरिकेच्या नॉयरलॅब या संस्थेत तसाच प्रकार उघडकीस आल्यावर हवाई बेटावरील जेमिनी उत्तर दुर्बीण थांबवावी लागली व चिलीमधील काही दुर्बिणींचे दूरस्थ वेध बंद ठेवावे लागले. प्रमाणपत्रे नव्हती म्हणून हे घडले, असे आमचे म्हणणे नाही. दूरनियंत्रणावर विसंबलेल्या वेधशाळेचे किती नुकसान होऊ शकते, एवढेच यावरून ध्यानात घ्यावयाचे. आणि वेधशाळेचे नुकसान वेधांपुरतेच असते. सर्वत्र तसे नसते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर मुसळधार पावसात डोंगर कोसळून दीडशेच्या आसपास माणसे दगावली. अशा डोंगराळ मुलखात बसविलेल्या स्वयंचलित पर्जन्यमापकाने पाठविलेला आकडा खरोखर त्याच मापकाचा आहे किंवा नाही, हा प्रश्न केवळ संगणकशास्त्रज्ञांचा राहत नाही.

प्रमाणपत्र म्हणजे काय

आपल्याकडील जुन्या राजपत्रांचे स्मरण केले असता प्रमाणपत्राची कल्पना समजणे सोपे जाते. मराठेशाहीतील पत्रावर आरंभी मुख्य शिक्का व शेवटी मोर्तब करीत. शिक्क्यावरून पत्र कोणाचे हे कळे. मोर्तबावरून मजकूर येथे संपला हे कळे, आणि त्याखाली कोणी नवीन ओळ घुसडली तर ती उघडी पडे. आजच्या प्रमाणपत्रात हीच दोन कामे अंकीय स्वाक्षरी करते : लिहिणारा कोण हे ती सांगते आणि मजकुरात एका अक्षराचाही फरक झाल्यास निष्फळ ठरते.

या स्वाक्षरीचा पाया किल्ल्यांच्या जोडीच्या कल्पनेत आहे. डिफी व हेलमन यांनी १९७६ मध्ये ती मांडली आणि १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन यांनी तिला व्यवहार्य रूप दिले. जोडीपैकी एक किल्ली खासगी, दुसरी सार्वजनिक. खासगी किल्लीने केलेली स्वाक्षरी सार्वजनिक किल्लीने पडताळता येते. परंतु सार्वजनिक किल्लीवरून खासगी किल्ली काढणे व्यवहारात अशक्य असते. आता प्रश्न एवढाच उरतो की, ही सार्वजनिक किल्ली अमुक यंत्राचीच आहे असे कोणी सांगावे? प्रमाणपत्र हे त्या प्रश्नाचे लेखी उत्तर होय. त्यात यंत्राचे नाव, त्याची सार्वजनिक किल्ली, प्रमाणपत्राच्या मुदतीचा आरंभ व शेवट आणि ते देणाऱ्याचे नाव असते; आणि या सर्व मजकुरावर देणाऱ्याची स्वाक्षरी असते. एक्स.५०९ या नावाने ओळखला जाणारा त्याचा आराखडा १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला व पुढील सुधारणांसह तो आजही चालतो.

देणाऱ्याची स्वाक्षरी खरी कशावरून? त्याच्या प्रमाणपत्रावरून. ते कोणी दिले? त्याच्या वरच्याने. अशी ही साखळी वर वर जात एका मूळ प्रमाणपत्राशी थांबते. मूळ प्रमाणपत्र स्वतःवर स्वतःच स्वाक्षरी करते, म्हणून त्याला वरचा कोणी नसतो. त्याच्यावर विश्वास ठेवण्याचा निर्णय आपल्या संगणकाने, किंवा तो घडविणाऱ्या कंपनीने, आधीच घेतलेला असतो. अर्थात् संपूर्ण रचना गणिताने बांधलेली असली, तरी तिचा शेवटचा खुंटा मानवी निर्णयात रोवलेला आहे हे विसरून चालणार नाही.

कोणाचे प्रमाणपत्र घ्यावे

उपकरणाबरोबर कारखान्यातून एक स्वयंस्वाक्षरित प्रमाणपत्र येते. त्यावर विसंबणे इष्ट नाही. नादिया हेनिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सर्व आंतरजालाची पाहणी करून असे दाखविले की, टीएलएस वापरणाऱ्या सुमारे ०.५ टक्के यंत्रांच्या आरएसए पद्धतीच्या खासगी किल्ल्या केवळ गणिताने शोधून काढता येत होत्या. ही यंत्रे प्रामुख्याने मार्गदर्शक व दूरनियंत्रण पेट्यांसारखी लहान उपकरणे होती. पहिल्यांदा सुरू होताच, पुरेशी यदृच्छ संख्या गोळा होण्यापूर्वीच, त्यांनी किल्ल्या तयार केल्या होत्या. परिणामी दोन वेगवेगळ्या यंत्रांच्या किल्ल्यांमध्ये एक अविभाज्य अवयव सामाईक निघे, आणि महत्तम साधारण विभाजक काढण्याची शाळेतील रीत वापरून दोन्ही फोडता येत.

दुसरा पर्याय सर्वमान्य प्रमाणन-अधिकाऱ्याचा. ब्राउझर त्याला आधीच ओळखतात ही त्याची सोय. परंतु शेतातील वा डोंगरावरील उपकरण बहुधा संस्थेच्या अंतर्गत जाळ्यात असते आणि त्याचा पत्ता खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या संख्यांपैकी असतो. असे पत्ते व अंतर्गत नावे यांना १ नोव्हेंबर २०१५ नंतर संपणारी प्रमाणपत्रे देणे सर्वमान्य अधिकाऱ्यांनी बंद केले आणि उरलेली १ ऑक्टोबर २०१६ पर्यंत रद्द केली. याचे कारण उघड आहे : असा पत्ता हजारो संस्थांत एकाच वेळी वापरात असतो, तो कोणा एकाचा आहे अशी साक्ष देणेच निरर्थक. संस्थेच्या मालकीच्या सार्वजनिक नावाखाली उपकरणास नाव देऊन प्रमाणपत्र मिळविता येते. मात्र ते नाव सार्वजनिक नोंदवहीत प्रसिद्ध होते. शिवाय अशा प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने आखडत जाणार असे २०२५ मध्ये ठरले : १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. ज्या जुन्या उपकरणास आपोआप नूतनीकरण करता येत नाही, त्याच्यासाठी दर दीड महिन्याने हे काम हाताने करणे परवडणारे नाही.

म्हणून संस्थेने अंतर्गत यंत्रांपुरता स्वतःचाच प्रमाणन-अधिकारी निर्माण करणे, हा तिसरा पर्याय बहुतेक वेळा योग्य ठरतो. त्यासाठी मोठी सामग्री लागत नाही. लागते ती शिस्त. मूळ खासगी किल्ली जाळ्यापासून तोडलेल्या संगणकावर, कुलुपात ठेवावी. तिने एक मधले प्रमाणपत्र स्वाक्षरित करावे आणि रोजचे काम त्या मधल्या किल्लीने चालवावे, म्हणजे मधली किल्ली चोरीस गेली तरी मूळ सुरक्षित राहते. त्याचबरोबर, हा अधिकारी केवळ संस्थेच्याच नावांना साक्ष देऊ शकेल अशी मर्यादा त्याच्या प्रमाणपत्रातच घालावी.

स्थापनेची रीत

पहिले काम नावाचे. उपकरणास संस्थेच्या नामसूचीत कायमचे नाव द्यावे आणि पुढे सर्वांनी त्याच नावाने त्याला बोलवावे. प्रमाणपत्र नावाला असते, पेटीला नव्हे. नावाऐवजी अंकी पत्ता लिहून पान उघडले, आणि तो पत्ता प्रमाणपत्रात नोंदलेला नसला, तर निर्दोष प्रमाणपत्र असूनही इशारा दिसेल. येथे एक जुनी सवय मोडावी लागते. पूर्वी नाव 'सामान्य नाव' या रकान्यात लिहीत. परंतु क्रोम ब्राउझरने २०१७ पासून तो रकाना वाचणेच सोडून दिले. नाव 'पर्यायी नावे' या विस्तारात लिहिलेच पाहिजे.

दुसरे काम घड्याळाचे. उपकरणातील लहान विद्युत्घट संपला की ते पुष्कळदा १ जानेवारी १९७० या तारखेवर जाऊन बसते. अशा स्थितीत ते इतरांची प्रमाणपत्रे पडताळू लागले, तर सगळीच त्यास 'अजून लागू न झालेली' वाटतात. आणि त्याने स्वतः प्रमाणपत्र तयार केले, तर तारखा चुकीच्या पडतात. वेधशाळेत सर्व तबकड्यांचे संकेत एकत्र जुळविण्यासाठी काळ काटेकोरपणे सांभाळावाच लागतो. तोच नेम या क्षुद्र पेटीसही लावावा, एवढेच सांगणे.

तिसरे काम किल्ल्यांची जोडी व विनंतीपत्र तयार करण्याचे. खासगी किल्ली जेथे जन्मली तेथून हलू नये, हा सर्वसाधारण नियम. म्हणून उपकरणावरच जोडी तयार करून त्यातील सार्वजनिक किल्ली व नाव यांचे विनंतीपत्र बाहेर काढावे. आरएसए पद्धत वापरल्यास किल्ली किमान २०४८ बिटांची असावी. परंतु वर सांगितलेल्या २०१२ च्या निष्कर्षामुळे या नियमास पुरवणी जोडणे भाग आहे. उपकरण नुकतेच सुरू केलेले असताना किल्ली तयार करू नये. त्याच्या यदृच्छ संख्यांविषयी संशय असेल, तर जोडी विश्वासू संगणकावर तयार करून थेट तारेने उपकरणात उतरवावी आणि संगणकावरील प्रत लगेच पुसावी.

चौथे काम स्वाक्षरीचे, आणि खरी अडचण येथेच आहे. विनंतीपत्र त्याच उपकरणाकडून आले हे अधिकाऱ्याने कशावरून मानावे? जाळ्यावरून ते आणावे, तर ज्या जोडणीची अद्याप ओळख पटलेली नाही तिच्यावरूनच ओळखीचा आधार आणल्यासारखे होते. विहिरीत पडलेला दोर काढण्यास त्याच दोराची मागणी करावी, तसा हा प्रकार. गणिताजवळ याचे उत्तर नाही. उत्तर माणसाजवळ आहे. उपकरण क्षेत्रावर नेण्यापूर्वी प्रयोगशाळेच्या मेजावर, मधे जाळे न ठेवता, थेट तारेने जोडून हे काम उरकावे. उपकरण आधीच बसविलेले असेल, तर एका माणसाने तेथे जाऊन, संगणक थेट जोडून, किल्लीचा ठसा, म्हणजे तिच्यावरून काढलेली लघुसंख्या, वाचावी आणि ती दूरध्वनीवर अधिकाऱ्यास सांगावी. दोन्हीकडील अंक जुळले तरच स्वाक्षरी करावी. ही फेरी टाळण्याचा मोह होतो; परंतु पुढील सर्व विश्वास या एका फेरीवर उभा असतो.

पाचवे काम प्रत्यक्ष बसविण्याचे. स्वाक्षरित प्रमाणपत्र व त्यावरील मधले प्रमाणपत्र अशी साखळी उपकरणात घालावी. क्रम असा की, प्रथम यंत्राचे, मग मधले. मूळ प्रमाणपत्र घालण्याची गरज नसते, कारण ते पाहणाऱ्याकडे असावयास पाहिजे. मधले प्रमाणपत्र घालण्यास विसरणे ही नेहमीची चूक आहे. एखाद्याच्या ब्राउझरजवळ ते पूर्वीपासून साठविलेले असते म्हणून त्याला काही दोष दिसत नाही, आणि शेजाऱ्याला मात्र इशारा दिसतो. मग दोघे एकमेकांच्या संगणकास दोष देत बसतात. काही उपकरणे मजकूररूपी पेम धाटणी मागतात, काही द्विमान डेर धाटणी. आशय तोच, वेष्टन वेगळे. त्यानंतर उपकरणाची जालसेवा पुन्हा सुरू करावी.

सहावे काम पाहणाऱ्यांच्या संगणकांचे. संस्थेचे मूळ प्रमाणपत्र त्या प्रत्येकावर, व्यवस्थापकाच्या हातून, बसवावे. ते ईमेलने पाठवून 'बसवून घ्या' असे कळविणे म्हणजे कोणीही पाठविलेले मूळ प्रमाणपत्र स्वीकारण्याची सवय लावणे होय. अखेरीस दुसऱ्याच संगणकावरून, नावाने पान उघडून, साखळी, मुदत व ठसा हे तिन्ही पडताळावे आणि मुदत संपण्याची तारीख नोंदवहीत लिहावी.

जुन्या उपकरणांविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. टीएलएसच्या १.० व १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरल्या. अनेक जुन्या पेट्यांना त्याहून नवी आवृत्ती समजतच नाही. अशा पेटीसाठी ब्राउझरची सुरक्षितता शिथिल करण्यापेक्षा, तिच्यापुढे एक नवा संगणक द्वारपाल म्हणून ठेवावा, प्रमाणपत्र त्याच्यावर बसवावे आणि पेटीस एका तारेने फक्त त्याच्याशीच जोडावे. खोडदसारख्या परिसरात आणखी एक पथ्य आहे. तेथील दुर्बीण १२० ते १४५० मेगाहर्ट्झ या पल्ल्यातील अतिक्षीण लहरी टिपते. म्हणून कोणतीही नवी पेटी ठेवताना तिचे स्वतःचे विद्युत्चुंबकीय प्रक्षेपण रोखणारे आवरण व तारेची वा प्रकाशतंतूची जोडणी यांचा विचार प्रमाणपत्राच्याही आधी करावा लागतो.

मर्यादा

एवढे सर्व यथासांग केल्यानंतर काय सिद्ध होते? समोरच्या यंत्राजवळ अमुक खासगी किल्ली आहे, आणि ती किल्ली अमुक नावाची आहे असे अमुक अधिकारी म्हणतो, एवढेच. यंत्रातील आज्ञावली निर्दोष आहे, पासवर्ड बळकट आहे, किंवा किल्ली चोरीस गेलेली नाही, यांपैकी एकाही गोष्टीची साक्ष प्रमाणपत्र देत नाही. किल्ली चोरीस गेल्याचा संशय येताच प्रमाणपत्र रद्द करून ते रद्द-सूचीत घालणे आणि नवी जोडी करणे, हे काम माणसालाच करावे लागते.

अधिकारीही चुकू शकतो. आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये प्रमाणन-अधिकाऱ्यांच्या नियंत्रकाची व्यवस्था आहे. तिच्याखालील राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या प्रमाणन-शाखेकडून गूगलच्या काही नावांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे दिली गेल्याचे २ जुलै २०१४ रोजी गूगलच्या लक्षात आले. नियंत्रकाने दुसऱ्याच दिवशी मधली प्रमाणपत्रे रद्द केली. प्रमाणपत्रे देण्याच्या प्रक्रियेतच घुसखोरी झाल्याचे त्यांच्या चौकशीत निघाले. भारतीय मूळ प्रमाणपत्र विंडोजच्या विश्वासयादीत असल्याने ही प्रमाणपत्रे विंडोजवरील अनेक ब्राउझरना खरी वाटली असती. फायरफॉक्सची यादी स्वतंत्र असल्याने त्यास ती वाटली नसती. पुढे क्रोमने त्या मूळ प्रमाणपत्राची मान्यता ठरावीक नावांपुरती मर्यादित केली. गणित कोठेही चुकले नव्हते. चूक झाली ती स्वाक्षरी करण्यापूर्वी विचारावयाच्या प्रश्नात. आपल्या लहानशा अंतर्गत अधिकाऱ्यास नावांची मर्यादा घालावी, असे वर म्हटले आहे ते याच अनुभवामुळे.

विद्यार्थ्यांनी या विषयाकडे केवळ तांत्रिक कृतींची यादी म्हणून पाहू नये, असे सुचवावेसे वाटते. प्रत्येक कृतीमागे 'हे मी कशावरून मानतो?' हा एकच प्रश्न आहे, आणि निरीक्षणावर आधारलेल्या प्रत्येक शास्त्राचा तोच पहिला प्रश्न आहे. तबकडीकडून आलेला संकेत आकाशातील आहे की शेजारच्या यंत्रातील, हे ओळखण्यासाठी वेधकर्ता जी दक्षता घेतो, तीच दक्षता संकेत वाहून आणणाऱ्या पेटीच्या बाबतीत घेणे, एवढाच या विवेचनाचा आशय आहे. पुढच्या वेळी ब्राउझरमध्ये तो इशारा दिसला तर बटण दाबण्यापूर्वी क्षणभर थांबावे. तो इशारा अडथळा म्हणून आलेला नसतो. आपण न विचारलेला प्रश्न तो आपल्या वतीने विचारीत असतो.